हात धरून ठेवणाऱ्या पेशी

पप्पा,

निघोज्यातली ती पत्र्याची खोली अजून माझ्या अंगावर येते. दहा बाय दहा, चारही बाजूंनी पत्रा, आणि मागच्या भिंतीला लागून तुमची कंपनी. मोठा प्रेस पडला की मांडणीवरचे पेले थरथरायचे आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पडला यांचा ठोका." उन्हाळ्यात पत्र्याला उघडा दंड लागला तर फोड यायचा. टँकर आला की बाया ड्रम घेऊन धावायच्या आणि पुरुष एकमेकांच्या गचांड्या धरायचे. एका ड्रमापायी तुम्ही एकाचा दात पाडलात. तो माणूस संध्याकाळी तळहातावर दात घेऊन आपल्या दारात उभा राहिला. आईने त्याला चहा दिला. तो डाव्या बाजूने प्यायला आणि गेला. आपल्याकडे भांडणं अशी मिटायची.

तुम्ही हिंगोलीकडून चौथी शिकून आलेले. दादा आणि मी एकाच ताटात जेवायचो, भाजी कधी होती कधी नव्हती. आईच्या हाताला तुमच्या युनिफॉर्मच्या ऑइलचा वास कायमचा बसलेला. याबद्दल रडायला मी हे लिहीत नाही. आपल्या घरात रडणाऱ्याला तुम्ही फटका द्यायचात, "आता रड, कारन दिलं तुला," म्हणून.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. जे तोंडावर सांगायचं होतं ते आता कागदावर सांगते आहे. तुम्ही उठून हात उगारू शकत नाही, म्हणून हिंमत झाली असं समजा हवं तर. त्यात खोटं काही नाही.

मी पाचवीत होते तेव्हा प्रेसने तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझरने बंद करून ठेवला होता, कारण मशीन थांबलं की नग कमी निघतात. तुम्ही हाताला फडकं गुंडाळून घरी आलात आणि आईला म्हणालात, "आता पोरीला पाढे तूच शिकव, माहे आठच राह्यले." आई हसली आणि मग तिने तोंडात पदर कोंबला.

त्यानंतर संप झाला. सेन्सर चालू करा, एवढीच मागणी. चौथ्या दिवशी गेटवर बाउन्सर आले. आम्ही पोरं समोरच्या टपरीमागून बघत होतो. पहिली काठी एका म्हाताऱ्याच्या डोक्यात बसली. तुम्ही कुठून तरी लोखंडी सळई उचललीत आणि धावलात, आणि तेवढ्यात लक्ष्मणकाकांनी मागून येऊन तुमचे दोन्ही हात आवळून धरले. लक्ष्मणकाका म्हणजे तुमच्या शेजारच्या मशीनवरचे, आपल्यापासून दोन खोल्या सोडून राहणारे, एका ताटात जेवलेले. "थांब रे, थांब, मरशील," असं ते ओरडत होते. तुम्ही थांबलात, हात धरले म्हटल्यावर काय करणार. समोरचे थांबले नाहीत. धरलेल्या माणसाला मारणं सोपं असतं. तुमच्या गालाचं हाड मोडल्याचा आवाज मला टपरीमागे ऐकू आला. सुकं लाकूड मोडावं तसा.

पुढची कितीतरी वर्षं तुम्ही काकांशी बोलला नाहीत. नळावर समोरासमोर आलात तर घागर तशीच सोडून परत यायचात.

"मारनाऱ्याचं कामच मारायचं," तुम्ही म्हणायचात. "त्याच्यावर माहा राग न्हाई. पन मागून धरनारा आपला होता."

काका आईला म्हणाले होते, "वहिनी, मी धरला नसता तर त्यानं त्या दिवशी खून केला असता. गाल गेला. माणूस राह्यला ना?"

दोघांचंही मी ऐकून घेतलं होतं. दहा-अकरा वर्षांची होते, पण माझं मत पक्कं होतं. माझ्या मते काका बरोबर होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

मग ती जयंती. मी नववीत. वस्तीत मांडव, निळे झेंडे, आणि सकाळी रक्तदान शिबिर, ज्यात दरवर्षी पहिला नंबर तुमचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाही वर केलेली, मी तुमच्या मागे उभी. टेबलावर रक्तपेढीचा एक नवा तंत्रज्ञ होता, यादीत बघून नावं लिहिणारा. तुमचं नाव ऐकल्यावर त्याने यादी उलटीपालटी केली आणि मान वर न करता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"तुमचं रक्त चालणार नाही. बाजूला व्हा."

"काहून चालनार न्हाई?"

"नाही चालत म्हणजे नाही चालत. मागे लाइन आहे, काका."

"कुनाला चालत न्हाई?"

तो पुन्हा म्हणाला, बाजूला व्हा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, 'बाजूला व्हा' हे दोन शब्द कुणाला म्हणतोय. गावच्या विहिरीवर जिला लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरावी लागायची, तिचा तुम्ही मुलगा. आयुष्यभर ज्याचा स्पर्श चालत नव्हता, सावली चालत नव्हती, त्याला आता जयंतीच्या मांडवात सांगत होते की तुझं रक्तही चालत नाही. तुम्ही घडीची लोखंडी खुर्ची उचललीत. पहिल्या फटक्यात तो टेबलासकट मागे गेला. दुसरा त्याच्या तोंडावर. तिसऱ्याला पिशव्यांचा डबा उपडा झाला आणि एक पिशवी कुणाच्या तरी बुटाखाली फुटली. त्याच्या नाकातलं रक्त आणि त्या पिशवीतलं रक्त सतरंजीवर एक झालं. कुणाचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला होता, पप्पा. सगळं खरं लिहायचं तर हेही लिहायला पाहिजे.

आज मी त्याच कामातली आहे. मला माहीत आहे, त्याने तुम्हाला कडेला, आडोशाला घेऊन, खाली बसवून सांगायला हवं होतं. मागच्या वर्षीच्या तुमच्या रक्तात काय सापडलं ते चारचौघांत बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम पाळताना त्याने तोंडातून जे काढलं ते तुमच्या कानात शंभर पिढ्यांचं जाऊन पडलं. चूक त्याचीही होती. मार मात्र जास्त खाल्ला त्याने.

पोलिसांनी तुम्हाला संध्याकाळी सोडलं. पुन्हा असं झालं तर सोडणार नाही म्हणाले. आईने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "आता जेल झाली तर पोरं घेऊन गावी जाते बाई मी. माझ्यात ताकद न्हाई."

आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं.

तुम्ही होतात तोवर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दुपारची वेळ, आई कंपनीच्या कँटीनवर, तुम्ही पहिल्या शिफ्टला, दादा बाहेर. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. तुमचं नाव, वर रक्तपेढीचा शिक्का. आत चार ओळी होत्या. तपासणीत आढळलेल्या बाबीसंबंधी समक्ष येऊन डॉक्टरांना भेटावं, आपल्या आरोग्यासाठी हे आवश्यक आहे, येताना हे पत्र आणावं. मी तीनदा वाचलं. मला त्यात आजार दिसलाच नाही. मला दिसलं ते एवढंच, की तुम्ही तिथे जाणार, तिथे तोच तंत्रज्ञ असणार किंवा त्याच्यासारखा दुसरा, तो काहीतरी बोलणार आणि तुम्ही हाणणार. मग जेल. मग आई आम्हाला घेऊन गावी. मग माझी शाळा संपली.

मी स्टोव्ह पेटवला आणि पत्र जाळलं. राख मोरीत ओतली. वर हात धुऊन गणितं करत बसले. तुम्ही घरी आलात, म्हणालात, "काय करती माय?" मी म्हणाले, "गृहपाठ."

त्या वर्षापासून तुम्ही रक्त द्यायचं सोडलंत. "आमचं चालत न्हाई त्यांना," म्हणायचात, आणि कुणी विषय वाढवला की तुमच्या गालाचं ते मोडून जुळलेलं हाड हलायचं. मग विषय बंद. तुमच्या लिव्हरमध्ये मात्र तो चालूच होता.

मी शिकले. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान खाली घालून सांगणार नाही, तुम्ही मला तसं शिकवलं नाही. चिंचवडच्या कॉलेजात प्रवेश झाला त्या दिवशी तुम्ही रात्रपाळी करून ऑइलच्या युनिफॉर्मवर तसेच आलात. शिपाई म्हणाला, "काका, आत कुठं?" तुम्ही म्हणालात, "माही पोरगी सूक्ष्मजीवशास्त्राला हाय." तो शब्द तुम्ही वाटेत बसमध्ये पाठ करत आला होतात. दादाने आयटीआय सोडली तेव्हा तुम्ही त्याला पट्ट्याने एवढं मारलंत की त्याच्या पाठीवर बक्कल उमटलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या फीसाठी डबल शिफ्ट केल्यात. मी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या म्हणून लक्षात ठेवते. दादा फक्त पहिली ठेवतो. त्याचं मी चूक म्हणत नाही.

बी.एस्सी., मग लॅबचा डिप्लोमा, मग एम.एस्सी., मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरी. आपण रहाटणीला दोन खोल्यांत आलो. विटांच्या भिंती. तुम्ही पहिल्या दिवशी भिंतीवर मूठ आपटून बघितलीत.

संस्थेत मला काम मिळालं लिव्हरच्या कॅन्सरचं. गाठीचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. कुठल्या पेशी कुठे उभ्या आहेत, किती, कुणाच्या शेजारी. त्यात खास माझ्याकडे होत्या त्या नियामक पेशी. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच सैन्यातल्या, पण त्यांचं काम सैन्याला आवरायचं. मला ते काम आवडायचं. घरी येऊन तुम्हाला सांगायचा कंटाळा करायचे, "तुम्हाला नाही कळणार," म्हणायचे. शिकलेल्या पोरींना येतो तो माज मलाही आला होता.

मग गेल्या वर्षी तुमचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि सीटी स्कॅनच्या काळ्या फिल्मवर मी रोज ज्याच्या काचा बघते तेच दिसलं. तुमच्या लिव्हरमध्ये, मुठीएवढं.

डॉक्टर म्हणाले, कावीळ ब. वीस-पंचवीस वर्षं जुनी असणार. आत बसून लिव्हर कुरतडत राहिली, त्यातून गाठ. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, हा व्हायरस रक्तातून पसरतो, एका ब्लेडने दाढी केली तरी. आईचं तपासलं. तिला कधीतरी होऊन गेली होती, तिच्या शरीराने परस्पर हाणून पाडलेली, तिला पत्ताही नाही. माझी लस नोकरीला लागतानाच झालेली. दादा मात्र उठून बाहेर गेला. दादा म्हणजे ज्याची पहिली दाढी तुम्ही तुमच्याच ब्लेडने करून दिली होती, तो.

"मला काय धाड भरलीय?" तो जिन्यात म्हणाला. "दोन महिन्यांनी परमनंट करणारेत. मेडिकल असतं. कंपनीत कळलं ना, सोमवारी गेटपास बंद. डोकं नको खाऊ, सुजे."

त्या दिवसापासून मला तुमच्यापेक्षा त्याची भीती वाटायला लागली. तुमचं काय होणार ते मला फिल्मवर दिसलं होतं. त्याचं अजून थांबवता येण्यासारखं होतं, आणि तो तुमच्यासारखाच जबडा आवळून उभा होता.

दवाखान्यातून येताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "आधी कळलं असतं तर?"

मी म्हणाले, "सांगता येत नाही, पप्पा."

सांगता येत होतं. गोळ्या आहेत. वेळेवर सुरू केल्या तर बहुतेकांचा व्हायरस दबतो आणि गाठीचा धोका पुष्कळ कमी होतो. रिक्षा काळेवाडीच्या पुलावर चढली. मग म्हणालात, "त्या शिबिरातल्या पोरालाच म्हाईत असंल. त्याला मी खुर्ची हानली." थोड्या वेळाने, "पन मंग नंतर एक चिठ्ठी तरी धाडायची ना माय. चिठ्ठी आली असती तर गेलो असतो मी."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी तुमचा तीन बोटांचा हात धरला. गेला असतात का तुम्ही? शांतपणे, पत्र हातात घेऊन? का खुर्ची उचलली असतीत? याचं उत्तर मी जाळून मोरीत ओतलंय, आता ते कुणालाच मिळणार नाही.

तुम्हाला सगळं समजून घ्यायचं होतं. मरणाऱ्या माणसाला लोक देवाचं सांगतात, तुम्ही म्हणालात, "तुह्या काचा दाखव." एका दुपारी गॅलरीत बसून मी फोनवर फोटो दाखवला. कुणाच्या तरी गाठीचा, नाव मलाही माहीत नसतं.

"हे लाल ठिपके कोन?"

"मारणाऱ्या पेशी. आपल्या. गाठीला भोकं पाडून मारतात."

"मंग मारत काहून न्हाईत? उभेच दिसतेत."

"त्यांच्या शेजारी हे हिरवे आहेत ना, ते त्यांना आवरतात. नियामक पेशी. गाठ त्यांना हाका मारून आत बोलावते, पोसते. त्या लालांना म्हणतात, थांब, शांत हो."

तुम्ही फोन डोळ्यांजवळ नेलात. "हे हिरवे गाठीचे?"

"नाही. आपलेच."

मग जे बोललात ते मला पाठ आहे. "लक्ष्मन्या."

"पप्पा, ते वाईट नसतात. एरवी तेच आपल्याला वाचवतात. काही बाळांना त्या जन्मतःच नसतात. त्यांचं सैन्य त्यांचंच आतडं खातं, कातडी खातं. आवरणारं कुणीतरी लागतंच."

"घर जळताना हात धरनारा दुश्मनच."

"त्याला काय कळतं घर जळतंय? त्याला वाटतं भांडण आहे. मिटवावं."

"वाटतं!" तुम्ही खोकलात, बरगड्या दाबून धरल्यात. "वाटतं म्हनून सोडायचं काय? माह्या आंगात जेवढे हिरवे हायेत तेवढे मारून टाका म्हनावं तुह्या डाक्तरांना."

मी चिडले. आवाज चढवला. तुम्हाला काही समजत नाही, म्हणाले. आई आतून म्हणाली, "आगं त्यांना बरं न्हाई, कशाला भांडती?" तुम्ही म्हणालात, "भांडू दे. शिकलीय ती." मी का एवढी तोंड वर करून त्या हिरव्या पेशींची वकिली करत होते, ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही लक्ष्मणकाकांवर बोलत होतात. मी माझा खटला लढत होते.

मग ते औषध सुरू झालं. सैन्यावर बसलेली पकड सोडवणारं सलाईन. तुम्ही नर्सला म्हणालात, "सोड, माही पोरं सोड." पहिल्या डोसनंतर गाठ थोडी आकसली. तुम्ही मला चिडवलंत, "कोन बराबर होतं?" दुसऱ्या डोसनंतर सुटलेल्या पेशी तुमच्यावरच उलटल्या. अंगभर कातडी लाल होऊन सोलली, पाठीची चादरीला चिकटून आली. आतड्याला जखमा झाल्या. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा रक्त. मी तुम्हाला उचलून बसवायचे, धुवायचे, आणि तुम्ही माझ्या खांद्याला चावा घ्यायचात, ओरडायचं नाही म्हणून. ती खूण अजून आहे. औषध थांबवावं लागलं. जिंकले कोण, तुम्ही का मी, ते आपण पुन्हा बोललो नाही. तुम्ही एकदाच म्हणालात, "दोघं बी मानसंच, माय." तुम्ही आणि लक्ष्मणकाका, का लाल आणि हिरवे, मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी लक्ष्मणकाका भेटायला आले तेव्हा तुम्ही त्यांना स्टुलावर बसायला सांगितलंत. चार शब्दसुद्धा बोलला नाहीत. पण बसायला सांगितलंत.

तुमचं मरण शांत नव्हतं. लोकांना मी 'शांतपणे गेले' असं सांगितलं नाही, कुणाला सांगू दिलं नाही. सकाळची वेळ, खाली कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या शिफ्टची माणसं भरत होत्या. तुम्ही उठून बसलात आणि तोंडातून रक्त आलं. थुंकी नाही, धार. लिव्हर बिघडल्यामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. भिंतीवर, माझ्या छातीवर, आईच्या केसांत. तुम्ही ते दोन्ही हातांनी परत आत ढकलायला बघत होतात. तुमचे डोळे घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले. मी तुमचे हात धरले. का धरले? काय करणार होते मी धरून? ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

जलदान विधी झाला. भंतेजी गेले, पाहुणे गेले. दादाची बायको त्यांच्या लेकीला, चिमीला, घेऊन पाहुण्यांना सोडायला गेलेली. घरात आई, दादा आणि मी. दादाने तुमचा दाढीचा डबा उघडला होता, वस्तरा काढून बघत होता. म्हणाला, "हा मी ठेवतो. पप्पांची आठवण."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. सगळं. पत्र, शिक्का, स्टोव्ह, मोरी. एका दमात, आईच्या देखत.

दादाने मला कपाटावर आदळलं. एकच थप्पड, पण तुमच्या हाताची. ओठ फुटला. "तू मारलंस त्यांना," तो ओरडला. "शिकून शिकून बाप मारलास तू!" त्याने खुर्ची उचलली. आई मध्ये आली नाही. आयुष्यभर ती मध्ये येत होती, त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि म्हणाली, "मार. न्हाईतर ऐक तिचं. मी आता कुनाला धरनार न्हाई."

खुर्ची वरच राहिली.

मी पर्स उघडली. त्याआधीचा महिनाभर मी सुई, नळी आणि दंडाला बांधायचा रबरी पट्टा पर्समध्ये घेऊन फिरत होते. म्हणाले, "दादा, मी त्यांना तपासू दिलं नाही. बरोबर आहे तुझं. त्याची शिक्षा तुला हवी ती दे. पण आधी हात पुढं कर. मला पुन्हा एकदा गप्प बसायचं नाही."

"कंपनीत—"

"कंपनीला मी बघते. कागद घेऊन मी येईन गेटवर. हात."

तो रडत होता. तुमच्यासारखाच, आवाज न करता, जबडा हलत. "घे," म्हणाला, "घे सगळं काढून," आणि बाही फाडल्यासारखी वर केली. माझ्या ओठातलं रक्त हनुवटीवरून ओघळत होतं, ते त्याच्या हातावर पडू नये म्हणून मी तोंड वळवून शीर शोधली. पहिल्याच टोचणीला मिळाली.

पप्पा, तुम्ही मला माफ केलं असतंत का, हे मी विचारणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं उत्तर घालायचं, ते मला जमणार नाही. तुम्ही मला हाणलं असतंत, हे मला माहीत आहे. मग दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायला बसभाडं दिलं असतंत, हेही.

रिपोर्ट चार दिवसांनी आला. दादाला कावीळ ब आहे. व्हायरस भरपूर आहे. सोनोग्राफीत लिव्हरवर एकही गाठ नाही. त्याची गोळी सुरू झाली आहे, रोज एक, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. वहिनीला आणि चिमीला लागण नाही, चिमीची लस जन्मल्यावरच झालेली, वहिनीची आता सुरू केली आहे. आपल्या घरात हा आजार आता एकाच माणसाला आहे, आणि तो औषधावर आहे.